बिकानेर ते हुंदर : उंटांच्या रक्तामागे

प्रवासवर्णन लिहिण्याइतका मी फिरलेलो नाही आणि लिहिण्याइतका शिकलेलोही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आई अंगठा लावते, वडील सही करतात, पण ती करताना जीभ दातांत धरतात. अशा घरातल्या मुलाने चार लोक वाचतील असे काही लिहावे म्हणजे आगाऊपणाच. पण माझ्या मार्गदर्शक सबनीस मॅडम म्हणाल्या, की तुझ्या प्रबंधात तक्ते आहेत, माणसे नाहीत, ती वेगळी लिहून काढ. मॅडमचा शब्द मी मोडत नाही. एकदाच मोडला, आणि त्याचीच ही हकीकत आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

विषय थोडक्यात सांगतो. आपल्या देशात उंट दोन प्रकारचे. एका वशिंडाचा राजस्थान-कच्छकडचा, तो आपण सर्कशीत नाहीतर बागेबाहेर पोरांना फिरवताना पाहिलेला असतो. दुसरा दोन वशिंडांचा, तो फक्त लडाखच्या नुब्रा खोऱ्यात. एक वाळवंटाच्या उन्हातला, दुसरा बर्फाच्या थंडीतला. या दोघांचे रक्त सारखे असते का, आणि निरोगी असताना कोणाच्या रक्तात काय किती असते, हे ताडून पाहायचे होते. मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होतो. वर्गात सुईची भीती नसलेला मी एकटाच, कारण कात्रजच्या घाटाखाली आमचा गोठा आहे आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली मी लहानपणापासून उभा राहिलो आहे. म्हणून माझी निवड झाली. हुशारीवर झाली असे कोणी समजू नये.

शनिवार पेठ

प्रवास खरा सुरू झाला तो शनिवार पेठेतल्या एका काचसामानाच्या दुकानात. मला लहान नळ्या, रबरी बुचे आणि हाताने फिरवायचे एक यंत्र हवे होते. त्या यंत्रात रक्ताची नळी लावून जोरात गरगर फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहते. तांबडा थर किती उंच, त्यावरून रक्त भरपूर की कमी ते कळते. वीज नसेल तिथे हेच चालते.

दुकानातल्या काकांनी यादी चष्म्यावरून वाचली. कशासाठी, असे विचारले. मी खरे सांगितले.

"उंटाचं रक्त? का, पुण्यातल्या माणसांमध्ये उरलं नाही वाटतं?"

मी हसलो नाही, कारण हसायचे की नाही ते कळेना. मग त्यांनीच माळ्यावरून यंत्र उतरवले, फडक्याने पुसले, दांडा फिरवून दाखवला आणि म्हणाले, की हे परत आणायचे आहे, उंटाला आवडले तरी. पावती मागितल्यावर, "पावती उंटाच्या नावानं करू का?" असेही विचारून घेतले. बुचे मात्र त्यांनी मोजल्यापेक्षा जास्त घातली होती. ते मला बिकानेरला कळले.

थर्मास मंडईच्या मागच्या गल्लीतून घेतला. घरी आईने बाजरीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वडील गोठ्याच्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, "उंट बघाया एवढ्या लांब कशापाई? पण जातूयास तर एक ध्यानात ठेव. आपल्याकडं ती सरकारी मान्सं येत्यात, म्हशींना सुई टोचत्यात, रगत घेऊन जात्यात. काय सापडलं ते परत येऊन कुनी सांगत न्हाई. तू तसं करू नगंस."

मॅडमनी याच्या नेमके उलट सांगितले होते. नमुने घे, नोंदी कर, आणि मालकांना जागेवर काहीही सांगू नको. निष्कर्ष पुण्यात आल्यावर. दोन्ही वाक्ये मी एकाच पिशवीत घालून निघालो.

बिकानेर

रेल्वेबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. उतरलो तेव्हा भाद्रपद चालू होता, आपल्याकडे हिरवेगार असते, तिथे जमीन भाजणीच्या कढईसारखी. गावापासून पुढे एका ढाणीवर, म्हणजे चारपाच घरांच्या वस्तीवर, भूरारामजी नावाच्या राईकाकडे माझी सोय केली होती. राईका ही उंट पाळणारी जमात. लाल पागोटे, पांढऱ्या मिशा, कानात सोन्याच्या भिकबाळीसारखे काही. त्यांची हिंदी मारवाडीत बुडवलेली आणि माझी मराठीत. तरी आमचे जमले, कारण जनावरांविषयी बोलताना हातच जास्त बोलतात.

पहिल्या संध्याकाळी उंटिणीच्या दुधाचा चहा मिळाला. किंचित खारट, वर फेस. बरोबर बाजरीची भाकरी, ती आपल्यापेक्षा जाड, आणि सांगरीच्या वाळक्या शेंगांची भाजी. मी आईचे धपाटे पुढे केले. भूरारामजींनी एक तुकडा तोंडात घातला, विचार केला आणि म्हणाले, की बाजरी आमचीच आहे, पण तुम्ही तिला फार सजवता.

मग त्यांनी विचारले, घरी काय करतात. गोठा आहे, दूध विकतो, असे मी सांगितले. त्यांनी चहा खाली ठेवला आणि ते उंटांकडे निघून गेले. त्यांच्या मुलाने नंतर बाजूला घेऊन सांगितले, की जुने राईका उंटिणीचे दूध विकत नाहीत. आल्यागेल्याला पाजतात, पण विकणे म्हणजे लेकरू विकल्यासारखे. मला फार अवघडल्यासारखे झाले. आमचे घर, माझी फी, माझे हे बूटसुद्धा दुधातून आलेले. रात्रभर विचार करून सकाळी मी भूरारामजींना म्हणालो, की आमच्याकडे दूध विकले नसते तर मी तुमच्यापर्यंत पोहोचलोच नसतो. ते हसले. म्हणाले, मग तुमच्या म्हशींनी तुम्हाला पाठवले आहे, बसा.

रक्त घ्यायचे ते मानेच्या शिरेतून. उंट बसवतात, पुढचे पाय दुमडून दोरीने बांधतात, एक जण मान धरतो. पहिल्याच उंटाने वळून माझी टोपी उचलली आणि शांतपणे चघळायला सुरुवात केली. सगळी ढाणी हसली. टोपी परत मिळाली, पण डोक्यावर घालण्यासारखी राहिली नाही.

तिथे एका गोष्टीवरून माझा भूरारामजींशी वाद झाला. त्यांचे उंट तीनचार दिवसांनी एकदा पाण्यावर जात. त्या दिवशी पाण्याची पाळी होती आणि कळप कुंडाकडे बघत उभा होता. आमच्या गोठ्यात रीत अशी, की जनावराला सुई टोचायची, शिंगे कापायची, काहीही दुखवायचे असेल, तर आधी पाण्याची बादली दाखवायची. आईचा हा नियम मोडायची डॉक्टरांचीही टाप नव्हती. तहानलेल्या जनावराला टोचले तर पाप लागते, असे ती म्हणे. म्हणून मी म्हणालो, आधी पाणी पाजू, मग रक्त घेऊ.

भूरारामजींनी ठाम नकार दिला. पाणी पिऊन तृप्त झालेल्या जनावराला दुखवणे हेच त्यांच्याकडे पाप. आधी काय टोचायचे ते टोचून घ्या, मग त्याला पाणी द्या, म्हणजे ते दुःख विसरेल. मी पाहुणा होतो. त्यांचे ऐकले, पण मनातून पटले नाही. तहानेने वाकलेल्या त्या माना पाहून मला आपण कसायासारखे वागत आहोत असे वाटत राहिले, आणि पुढे संधी मिळाली तर आईच्या रीतीनेच करायचे असे मी ठरवले.

दुपारी नळ्या थंड ठेवायला बर्फ संपला. ढाणीवर बर्फ कुठला? भूरारामजींचा मुलगा सायकलवर गावात गेला आणि एका कुल्फीवाल्याकडून मिठाचा बर्फ घेऊन आला. त्या थर्मासला आणि त्याच्याच पिशवीतल्या यंत्राला पुढे कितीतरी दिवस वेलदोड्याचा वास येत होता.

जवळच्या सरकारी उंटफार्मवर सूक्ष्मदर्शक होता. तिथे पहिल्यांदा मी उंटाचे रक्त पाहिले. आपल्या, गाईच्या, कुत्र्याच्या, सगळ्यांच्या तांबड्या पेशी गोल असतात. उंटाच्या लांबट, साळीच्या दाण्यासारख्या. पुस्तकात वाचले होते, पण डोळा लावल्यावर मी किती वेळ तसाच बसलो होतो कोण जाणे. फार्मवरच्या शिपायाने दिवा मालवायचा आहे म्हणून खाकरून दाखवले. आजही वर्गात कंटाळा आला की मला ते लांबट दाणे आठवतात, एकामागून एक वाहत चाललेले.

निघताना भूरारामजी नळ्यांच्या पेटीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. मी विचारले नाही. पेटीत त्यांच्या कळपाचे रक्त होते, त्यांना जे म्हणायचे ते म्हणायचा हक्क होता.

हुंदर

मनालीपासून लेहपर्यंतचा रस्ता आणि लेहमधली डोकेदुखी मी वगळतो. ज्यांनी ती भोगली त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. खारदुंगच्या खिंडीवर गाडी थांबली तेव्हा माझ्या शेजारच्या जवानाने मला लसूण चावायला दिला. मी तो चावला, आणि कात्रजच्या घाटाला आपण घाट म्हणतो याची लाज वाटली.

नुब्रा खोऱ्यात हुंदर नावाचे गाव आहे. एका बाजूला नदी, तिच्या काठाने पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, मध्येच झरे, आणि नारिंगी फळांनी लगडलेली काटेरी झाडी. वर बर्फाचे डोंगर. वाळवंट आणि बर्फ एकाच नजरेत. त्या झाडीत दोन वशिंडांचे उंट चरत होते. बिकानेरचा उंट उंच, सडपातळ, लांब टांगांचा. हे बुटके, भरलेले, मानेखाली दाढीसारखे केस, आणि थंडीचे लोकरीचे कपडे नुकतेच शिवायला टाकल्यासारखी अर्धवट वाढलेली लव. पूर्वी डोंगरांपलीकडच्या यारकंदचे व्यापारी माल घेऊन यायचे, त्यांचे हे उंट. सरहद्द बंद झाली, व्यापारी थांबले, उंट इथेच राहिले.

तिथे माझा आधार म्हणजे नोरबूजी. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले, हिंदी उत्तम, सुईचा हात माझ्यापेक्षा हलका. त्यांनी मला ज्या घरी उतरवले त्या घरच्या म्हातारीला सगळे आमा-ले म्हणत. आमा म्हणजे आई, आणि ले हे आपल्या 'जी'सारखे. मीही तेच म्हणू लागलो. तिला हिंदी येत नव्हते. सकाळी ती लाकडी नळकांड्यात लोणी, मीठ आणि चहा घुसळायची, तो गुरगुर चहा. पहिला घोट घेतल्यावर मला वाटले, आपण वरणाचे पाणी पितो आहोत. चौथ्या दिवशी मी स्वतःहून वाटी पुढे केली. बरोबर खंबीर नावाची जाड रोटी. माझी चटणी आमा-लेला इतकी आवडली, की ती नुसतीच बोटाने चाटायची आणि डोळे मिटायची.

आमा-लेकडे दोन उंटिणी होत्या. एक तांबूस, तरुण. दुसरी फिकट, जवळजवळ पांढरी, म्हणून तिचे नाव कर्मो, म्हणजे पांढरी. कर्मो गाभण होती. थंडी संपता संपता व्यायची होती. आमा-लेच्या गच्चीवर हिवाळ्यासाठी वाळवलेले गवत रचून ठेवले होते, आणि ते एकाच जनावराला पुरेल एवढे होते. ज्या उंटिणीला गवत, ती हिवाळाभर अंगणात राहणार. दुसरी झाडीत सोडायची. तिथे मिळेल ते खायचे, वाचली तर वसंतात परत आणायची. गाभण असल्यामुळे या वर्षी अंगण कर्मोचे होते. हे ठरलेले होते, त्याबद्दल घरात बोलणेही होत नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा कर्मो गायब होती. तीन दिवसांनी निरोप आला, की वरच्या गावात ती उभ्या जवात शिरली म्हणून तिथल्या राखणदाराने तिला दगडी वाड्यात कोंडली आहे. आपल्याकडच्या कोंडवाड्यासारखाच प्रकार. कोणाची उंटीण ते ठाऊक नसल्याने तिला कोरडा पेंढा मिळाला होता, पाणी जेमतेम. नोरबूजी आणि मी तिला आणायला गेलो. दिवसभर दगडांतून चालत आलो. वाटेत ओहोळ होता, तो आटलेला. संध्याकाळी अंगणात पोहोचलो तेव्हा तिचे ओठ सालपटासारखे झाले होते.

बाकीच्या उंटांचे रक्त घेऊन झाले होते. नोरबूजी म्हणाले, उजेड आहे, हिचेही घेऊन टाकू. सुई तयार होती. मी म्हणालो, नाही, आधी पाणी. आमा-लेला हे भाषांतर करून सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. आमा-लेने आणि मी बादल्या वाहिल्या. कर्मो पीत होती, पीत होती. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि घशातून पाणी उतरताना दिसत होते. मी बादल्या मोजायचे सोडून दिले. त्या संध्याकाळइतका आनंद मला त्या प्रवासात दुसऱ्या कशाने झाला नाही. आईने पाहिले असते तर, असे सारखे मनात येत होते.

सकाळी रक्त घेतले. यंत्राचा दांडा फिरवला, नळी उजेडात धरली. तांबडा थर फारच खाली होता. हुंदरच्या दुसऱ्या कोणत्याही उंटापेक्षा कमी, आणि बिकानेरच्या तक्त्याच्या तर जवळपासही नाही. पुन्हा रक्त घ्यायला गेलो तर ती बसेना. गाभण जनावराशी झटापट नको म्हणून आम्ही सोडून दिले.

मी नळी पेटीत ठेवली. आमा-ले दारात उभी होती. तिने मला काही विचारले. नोरबूजी म्हणाले, की ती विचारते आहे, काय दिसले.

इथे मी मॅडमचा शब्द मोडला. मला आमच्या गोठ्याचे दार दिसत होते, आणि दाराशी वडील, आणि रक्ताच्या नळ्या घेऊन पाठमोरी जाणारी माणसे. मला त्या माणसांतला एक व्हायचे नव्हते. मी म्हणालो, रक्त कमी आहे. खूप कमी. काहीतरी आजार असावा.

नोरबूजींनी मला हिंदीत हळूच विचारले, "पक्कं सांगू?"

मी म्हणालो, "जे दिसलं ते सांगा."

आमा-लेने आत जाऊन चहा घुसळला. दुपारी शेजारचे दोघेतिघे आले, गच्चीकडे पाहत बोलत राहिले. नोरबूजींनी मला त्याचा अर्थ सांगितला. आजारी जनावर हिवाळा काढणार नाही, ते मरेल आणि गवतही जाईल. गवत तांबूस उंटिणीला द्यावे, कर्मोला झाडीत सोडावे. म्हणजे एक तरी राहील. सगळे शहाणपणाचेच होते. आमच्या वाडीतही लोक असेच बोलले असते.

निघायच्या दिवशी आमा-ले गाडीपर्यंत आली. तिने माझ्या खिशात वाळवलेली जर्दाळू भरली आणि नोरबूजींकरवी एवढेच सांगितले, की पुण्याला मोठी यंत्रे आहेत ना, तिथे नीट बघ, आणि बर्फ पडायच्या आत मला कळव. तोवर मी तिला अंगणातच ठेवते. मी हो म्हणालो. तिने माझ्या गालाला हात लावला. तिच्या हाताला लोण्याचा वास होता.

पुन्हा पुणे

पुण्यात पोहोचलो तेव्हा दिवाळी तोंडावर होती. पेठांत आकाशकंदील लागले होते आणि मला प्रत्येक गोष्ट फार खाली, फार उबदार आणि फार गोंगाटाची वाटत होती. थर्मास घेऊन थेट प्रयोगशाळेत गेलो. मॅडमनी दोन दिवस नमुने तपासले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवले आणि तक्त्यावर बोट ठेवले. कर्मोच्या ओळीत फक्त तांबडा थरच नाही, सगळेच कमी होते. क्षार, प्रथिने, सगळे एकाच प्रमाणात उतरलेले. आजारात असे सगळे मिळून खाली येत नाही, असे त्या म्हणाल्या.

"सुई टोचायच्या आधी ही पाणी कधी प्यायली होती?"

मी सांगितले. आदल्या संध्याकाळी. किती, तेही सांगितले. का, तेही सांगितले. आईची रीत सांगितली.

मॅडम रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मग त्यांनी कागदावर दोन उंट काढले, अगदी लहान मुलांसारखे, आणि मला समजावले. उंट पाण्याविना राहतो, आणि मिळाले की एकदम प्रचंड पितो. ते पाणी हळूहळू रक्तात उतरते आणि काही काळ रक्त पातळ होते. उंटाच्या पेशी ते सोसतात, दुसऱ्या प्राण्याच्या फुटल्या असत्या. बिकानेरचे उंट मी तहानलेले असताना तपासले, तेव्हा त्यांचे रक्त दाट. हुंदरचे बाकीचे उंट नदीकाठी रोज पिणारे. आणि कर्मो पोटभर पाणी पिऊन उभी.

"तू दोन जातींची तुलना केली नाहीस," त्या म्हणाल्या. "एका तहानेची आणि एका बादलीची केलीस."

कर्मो निरोगी होती. माझ्या दयेने तिचे रक्त पातळ झाले होते आणि माझ्या प्रामाणिकपणाने तिचे गवत गेले असते.

त्याच दुपारी मी तार केली आणि रात्री पत्र लिहिले. हुंदरला फोन नव्हता. पत्रात सगळे लिहिले: चूक माझी, उंटीण चांगली आहे, तिला अंगणातच ठेवा, तिला गवत द्या. नोरबूजींना हिंदी वाचता येते म्हणून दोन्ही त्यांच्या नावावर पाठवली. आमा-लेच्या नावावर पाठवावे हे मला सुचले नाही. आमच्या घरी आईच्या नावाने कधी पत्र आलेले नाही. वाचता न येणाऱ्या माणसाच्या नावाने पत्र पाठवता येते, कोणीतरी त्याला वाचून दाखवते, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

उत्तर आले नाही. वर्तमानपत्रात लडाखमध्ये बर्फ पडल्याची बातमी आली. मी आणखी दोन पत्रे टाकली. वडिलांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तू सांगितलंस ते चांगलंच केलंस. पर आपलं बगन्यातच चुकलं." दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा आईने म्हशीपुढे बादली ठेवली नाही. थांबली, आणि डॉक्टरांना विचारले, की पाणी आधी पाजू की मागाहून. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले.

प्रबंध झाला. त्यात कर्मोची ओळ नाही, मॅडमनी ती काढायला लावली. दोन्ही जातींत काही फरक निघाले, पण मला सुरुवातीला वाटले होते तेवढे नाहीत, आणि पाणी कधी प्यायले ते लिहिल्याशिवाय त्या फरकांना अर्थ नाही, असे मी शेवटी लिहिले. काचसामानाच्या दुकानाचे यंत्र परत केले. काकांनी उघडून पाहिले, वास घेतला आणि वेलदोडा कुठून आला ते विचारले.

नोरबूजींचे पत्र बरोबर वर्षाने आले. कात्रजच्या पत्त्यावर, पोस्टमनने गोठ्यात आणून दिले. मी ते उभ्याउभ्याच वाचले. त्यांनी लिहिले होते, की त्या हिवाळ्यात पत्नीच्या आजारपणामुळे ते लेहला मुलीकडे होते. तार आणि पत्रे त्यांच्या नावाने पोस्टात ठेवलेली होती, ती वसंतात हातात पडली. आमा-लेने बर्फ पडेपर्यंत वाट पाहिली, पडल्यावरही आठ दिवस पाहिली. मग कर्मोला झाडीत सोडले. कर्मो तिथेच व्याली. पिल्लू मादी होते. सापडले तेव्हा थंडीने गेलेले होते आणि कर्मो त्याच्या अंगाला अंग लावून बसलेली होती. तिला उठवायला दोन दिवस लागले.

तुमची पत्रे मी आमा-लेला वाचून दाखवली, असे पुढे होते. ती म्हणाली, त्याला लिही की कर्मो बरी आहे, पिल्लाचे लिहू नको. तसे अर्धे पत्र मला लिहिता येईना, म्हणून इतके महिने लिहिले नाही. तुम्ही स्वतःची चूक आमच्यापासून लपवली नाही, मग मी कसे लपवू? आता मी तिला सांगितले आहे की सगळे लिहितो आहे. ती म्हणते, मग हेही लिही. कर्मो पुन्हा गाभण आहे, आणि या वर्षीचे गवत तिचेच आहे. आणि त्या मुलाला म्हणावे, परत ये, रक्त घे, काय दिसले ते मला तेव्हाही सांग. फक्त दोनदा बघून सांग.